पोपटाला मिळालेला कौल

आमच्या वाडीतल्या लवूला चाळिशी उलटल्यावर मोबाइलवरून इंग्रजी शिकायची वेळ आली. एवढं एक वाक्य सांगितलं की समोरचा हसतो. मीसुद्धा पहिल्यांदा पोट धरून हसलो होतो. माझी शाळा सातवीपर्यंतची, पण तोंडाला विश्रांती नाही. पंगतीत माझ्या शेजारी बसलेल्या माणसाचा हात वाळून जातो तरी त्याला उठता येत नाही, असं माझी नातवंडं म्हणतात, आणि ते खोटं नाही. गजाली सांगण्यासारखं दुसरं सुख मला अजून सापडलेलं नाही. लवूची गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे. सुरुवातीला सगळे हसतात. मग गप्प होतात, आणि कोणीतरी चहा आणायला उठतं.

इंग्रजीची आमच्या गावाला भीती जुनीच. आमचे गुरुजी इंग्रजीचा तास सुरू करण्याआधी वर्गाच्या खिडक्या लावून घेत. वारा येतो म्हणून नव्हे, बाहेरून जाणाऱ्या कोणी ऐकू नये म्हणून. एकदा तालुक्याहून साहेब तपासणीला येणार होते. गुरुजींनी आम्हाला पढवून ठेवलं की साहेब इंग्रजीत काहीही विचारू देत, सगळ्यांनी उभं राहून ‘येस सर’ म्हणायचं. साहेब आले आणि त्यांनी विचारलं, आज गैरहजर कोण आहे? सगळा वर्ग उभा राहिला आणि एका सुरात म्हणाला, ‘येस सर!’ साहेब इतके हसले की शेरा लिहायचाच विसरले. तर आमची इंग्रजी ही अशी. लवू त्याच शाळेत शिकला, माझ्यामागून तीसेक वर्षांनी. खिडक्या तोवर उघड्या राहू लागल्या होत्या, एवढाच फरक.

लवू मोठ्या जहाजावर खलाशी. मिसरूड फुटायच्या आत गेला, तो वर्षातले नऊ महिने पाण्यावर आणि तीन महिने घरी. घरी आला की पहिला महिना गोड. दुसऱ्या महिन्यात जमीन त्याला टोचायला लागायची. घरापुढच्या खळ्यातल्या खळ्यात येरझारा घालायचा, माडाला उगाच लाथ मारायचा. जहाजावर तो सुकाणू धरणारा भरवशाचा माणूस, घरात मात्र आईचा बावळट झील. बाप कडक होता. तो असेपर्यंत लवूने काहीही केलं तरी ‘ह्येच्यान काय व्हयत?’ एवढंच ऐकलं. मला वाटतं लवूला समुद्र आवडायचा त्यात पाण्याचा भाग निम्मा. उरलेला निम्मा असा की तिथे हा शब्द कोणी काढत नव्हतं.

आणि इतकी वर्षं त्याला इंग्रजीची गरज पडली नाही, ती जहाजावरच्या सारंगामुळे. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. लवूचा सारंग देवगडकडचा. अधिकारी इंग्रजीत हुकूम द्यायचा, सारंग तो मालवणीत फिरवायचा, वर दोन शिव्या पदरच्या घालायचा. काम चोख व्हायचं. पुढे सारंग म्हातारा झाला, घरी बसला. नव्या जहाजावर लवूच्या डाव्या हाताला फिलिपिनो, उजव्या हाताला युक्रेनचा, आणि मालवणी कळणारं कोणी नाही. त्यातच कंपनीने नियम काढला की प्रत्येक खलाशाने इंग्रजी बोलण्याची परीक्षा द्यायची. समोर पडद्यावर परदेशातली बाई, तिने विचारायचं, याने बोलायचं. लवू पहिल्यांदा बसला आणि नापास झाला. प्रश्न सगळे कळले होते म्हणे, पण उत्तर घशातून वर येईना. कंपनीने कळवलं, आषाढात आणखी एक संधी. तीही गेली तर पुन्हा जहाज नाही.

तो त्या वेळी माझ्याकडे येऊन बसला होता. चैत्राचे दिवस, काजूच्या बोंडांचा वास सगळ्या वाडीत भरलेला.

“आबानू,” तो म्हणाला, “माका दुसरा काय येता सांगा.”

माझ्याजवळ गोष्टी असतात, उत्तरं नसतात.

त्याची बायको अनुजा मात्र हातपाय गाळून बसणारी नव्हे. ती वेंगुर्ल्याची, बारावी झालेली. क्लास लावावा तर तो कुडाळला, आणि तिथे पोरांच्या बाकावर बसायला लवू तयार नव्हता. मग तिने मोबाइल हातात घेतला. इंग्रजी शिकवणाऱ्या साइटी म्हणे ढिगाने आहेत. तिने आठवडाभर त्या उपसल्या आणि तीन बाजूला काढल्या. त्यांची खरी नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत. त्या घरात त्यांना पडलेली नावं होती हसरी बाई, पोपट आणि करडी.

पारख करायची तिची रीत बाजारातली होती. मासेवालीला आपण विचारतो, ‘सुरमय कालची ना गो?’ सुरमई ताजी आहे हे कल्ल्यावरून दिसतच असतं. ती बाई काय बोलते ते बघायचं असतं. अनुजा म्हणाली, “साइटीक आपण मुद्दाम चुकीचा सांगूचा. पकडता काय नाय ता बघूचा.”

खळ्यात बसून आम्ही तिघं ही परीक्षा घेत होतो. लवूची आई सावित्री ओट्यावर कोकमं फोडत होती.

हसऱ्या बाईने आधी हॉटेलात कॉफी कशी मागायची ते शिकवलं.

“माका कॉफी कोण पाजतलो थय?” लवू म्हणाला.

मग तिने विमानतळावर बॅग हरवली तर काय म्हणायचं ते शिकवलं, आणि तिसऱ्या धड्याला हसत हसत दार लावून घेऊन पैसे मागितले.

“हसता कित्याक ता आता कळला,” अनुजा म्हणाली आणि ती बंद केली.

दुसरा पोपट. हिरवागार, डोक्यावर टोपी. तो म्हणायचा एक वाक्य, आपण ते पाठोपाठ म्हणायचं. अनुजाने मोबाइल तोंडाजवळ धरला आणि ठणकावून विचारलं, “बांगड्याक तिरफळा घातलंस काय रे?”

टिंग! पडद्यावर चांदण्यांचा पाऊस पडला, पोपट एका पायावर नाचला आणि म्हणाला, “व्हेरी गुड!”

मला राहवेना. मी मोबाइल ओढून घेतला. “आमच्या म्हशीन आज लाथ मारल्यान!”

टिंग! “एक्सलंट!”

इतका हसलो की ठसका लागला. आयुष्यात इंग्रजीत मला कोणी पहिल्यांदाच शाबासकी देत होतं. सावित्री कोकमाचे हात तसेच घेऊन आली.

“काय म्हणता तो?”

“बरा बोललंय म्हणता,” मी सांगितलं.

“मगे बरोच आसा पोपट.”

“मामी, तेका ऐकाकच येना नाय,” अनुजा म्हणाली. “कोणीव कायव बोलला तरी बराच म्हणता.” मामी म्हणजे सासू, आमच्याकडे असंच म्हणतात.

तिसरी करडी. तिच्यात चित्र नाही, गाणं नाही, करड्या पाटीवर काळी अक्षरं. कोणी निवृत्त झालेल्या दर्यावर्दी माणसाने खलाशांसाठीच बनवलेली होती म्हणे. आवाज यायचा तो पुरुषी, मागे इंजिनाची घरघर घेऊन, वाऱ्यात ओरडल्यासारखा, जहाजावर येतो तसा. अनुजाने तिलाही बांगडा आणि तिरफळं विचारली. ती म्हणाली, समजलं नाही, पुन्हा. अनुजाने इंग्रजी वाक्य मुद्दाम चुकवून म्हटलं. चूक, पुन्हा. मग नीट म्हटलं, तर काहीच न बोलता पुढचा धडा.

“हीच,” अनुजा म्हणाली. “ही फसाक नाय.”

लवूने करडी धरली. पहिले दिवस हाल होते. रोज संध्याकाळी चूक, पुन्हा, चूक, पुन्हा. घामाघूम व्हायचा. एकदा त्याने मोबाइल तांदळाच्या सुपात फेकला आणि गावामागच्या कातळाच्या सड्यावर निघून गेला. पण काळोख व्हायच्या आत परत आला आणि तांदूळ झटकून पुन्हा बसला. करडी त्याला त्याचंच काम विचारायची, दोर कुठला, दिवा कुठला, पहाऱ्यावरून उतरताना दुसऱ्याला काय सांगायचं. एका संध्याकाळी मी गेलो तेव्हा तो खळ्यात उभा राहून पहाऱ्याचा सगळा निरोप इंग्रजीत सांगत होता. माझ्या कानाला ते पाणी भरल्या घागरीसारखं लागलं, कुठे हिंदकळत नव्हतं. अनुजा दाराला टेकून ऐकत होती. तिचा चेहरा मी विसरणार नाही. लग्नाच्या दिवशीही इतका उजळ नव्हता.

सावित्रीला मात्र हे बघवेना. तिला दिसत होतं एवढंच की तिच्या मुलाला एक बाप्या मोबाइलातून रोज ओरडतो आणि तो खाली मान घालून ऐकतो. नवऱ्याची आठवण आली असेल. ती म्हणाली, एवढं मोठं काम, आणि देवाला न विचारता सुरू केलंत? घर बांधलं तेव्हा कौल घेतला, लग्न ठरलं तेव्हा घेतला, लवू दर वेळी जहाजावर जातो तेव्हा घेतो. मग ह्याच वेळी का नाही?

यावर आमच्या गावात कोणाला तोंड उघडता येत नाही. कौल म्हणजे आमच्याकडचा शेवटचा शब्द. देवळात गुरव गाऱ्हाणं घालतो, पाण्यात भिजवलेल्या कळ्या देवाच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे चिकटवतो, आणि प्रश्न विचारतो. उजवी कळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मीही आयुष्यातली सगळी मोठी कामं त्याच कळ्यांवर केली आहेत आणि मला पस्तावा नाही. पण ह्या कामांत कुठे सोयरीक, कुठे विहिरीची जागा, कुठे बैल. इंग्रजीची साइट देवासमोर नेणारी सावित्री पहिलीच.

देवळात आम्ही पाचसहा जण होतो. गुरवाने विचारलं, “नावां काय घालू?” सावित्रीने मोबाइल पुढे धरला. गुरवाने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाला, “ऱ्हवांदे, मी वाट म्हणान घालतंय.” मग हात जोडून मोठ्याने सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आम्ही म्हटलं.

“आज ही सावित्री आपल्या झिलाक घेवन तुझ्या दारात उभी आसा.”

“व्हय म्हाराजा!”

“तेका इंग्रजी शिकाचा आसा. मोबाइलात तीन वाटा आसत. खरी वाट खयची ती दाखव आणि हेका परत जहाजार घाल.”

“व्हय म्हाराजा!”

मला मनातून गंमत वाटत होती, खोटं कशाला सांगू. आधी करडीचं विचारलं. कळ्या चिकटवून हात काढतो न काढतो तोच डावी पडली. हसऱ्या बाईच्या दोन्ही कळ्या जागच्या हलेनात, गुरवाने शेवटी काढून टाकल्या. पोपटाचं विचारलं आणि उजवी टपकन पडली. सावित्रीने पदर डोळ्यांना लावला.

बाहेर आल्यावर अनुजा हळूच म्हणाली, “मामी, पंखो चालू होतो. डावेकडच्या अंगान वारो येय होतो.”

तो पंखा वाडीतल्या मुंबईकरांनी आदल्या वर्षी दिलेला.

“पंखो पण देवाचोच,” सावित्री म्हणाली.

मी दोघींच्या मध्ये काहीतरी विनोद करायला गेलो. सावित्री म्हणाली, “भावजी, तुमी गप ऱ्हवा.” मी गप्प राहिलो. असं फार वेळा होत नाही.

अनुजाला आशा होती लवूची. तो समंजस आहे, करडीमुळे आपलं तोंड उघडलं हे त्याला स्वतःला कळलं आहे, आईला दिसेल असा पोपट आणि मागून करडी असं काहीतरी तो करील. त्या संध्याकाळी तिने करडी उघडून त्याच्यापुढे ठेवली. लवूने मोबाइल हलकेच पालथा केला.

“इतकी वर्सा देवान उजवो दिल्यान म्हणान गेलंय आणि जितो परत इलंय,” तो म्हणाला. “आता माझ्या सोयीचो नाय म्हणान मोडू? उद्या मधी समुद्रात कोणाक हाक मारू मी?”

अनुजाने मोबाइल उचलून आत नेला. मोठ्या पाण्यावर कधी न गेलेल्या माणसाने त्याला काय सांगायचं?

मग पोपटाचे दिवस सुरू झाले. वैशाख आणि ज्येष्ठ. रोज दिवेलागणीला टिंग, टिंग. सावित्री जपाची माळ घेऊन शेजारी बसायची आणि प्रत्येक टिंगला तिचं तोंड फुलायचं. लवूला पोपटाने आधी पदक दिलं, मग मुकुट घातला. तो बोलायचाही मोठ्याने, न लाजता. भीती गेली हे खरं, पोपटाचं तेवढं श्रेय काढून घेत नाही. पण माझ्या लक्षात एक गोष्ट आली. तो माझ्याशी मालवणीत बोलतानाही एक वाक्य झालं की थांबायचा आणि वर बघायचा. “आबानू, उद्या उधाण आसा,” म्हणायचा, आणि थांबायचा. मी “हां” म्हटलं की पुढे. मी काही म्हटलं नाही, तर गोंधळून विचारायचा, “नाय काय?” आणि उद्या उधाण आहे हे त्याला पाळण्यात असल्यापासून कळत होतं.

अनुजा एकटीच गुरवाकडे गेली. कौल सोडवून द्या, आम्हाला त्यातून मोकळं करा म्हणाली. गुरव भला माणूस. म्हणाला, “बाय, जेना कौल मागलो तेणाच येवन सोडवूक व्हयो. सासयेक घेवन ये, मी आज सोडवतंय.”

ती सासूच्या पाया पडली. मी तिथे होतो, खोबरं मागायला गेलो होतो. सावित्रीने पाय मागे घेतले. मग एकदम उसळली.

“ह्या घरात माझ्या झिलाक कोणी पयल्यांदा बरो म्हणता, ता तुका बघवना नाय! तेचो बापूस मेलो, तेणा कधी म्हणाक नाय. मी म्हटलंय तर चोरून. आता एक पाखरू म्हणता, तर तेचोव गळो दाबूक व्हयो तुका?”

अनुजा उठली आणि आत गेली. मीही खोबरं न घेताच परत आलो. त्या म्हातारीला खोटं कसं ठरवायचं? आणि ती पोरगी तरी कुठे खोटी होती?

त्यानंतर अनुजाने एक केलं. चुलीपाशी भाकरी थापताना ती करडी मोठ्याने लावून ठेवायची, लवूच्या कानावर तरी पडेल म्हणून. चूक, पुन्हा, चूक, पुन्हा. दोन दिवस लवूने ऐकलं. तिसऱ्या दिवशी दारात येऊन म्हणाला, “माझ्या कानार घालू नको गो. देवाक फशिवल्यासारा जाता.” तेव्हापासून ती हळू आवाजात लावायची, आपल्यापुरती. मला म्हणाली, “आपण शिकान ठेवतंय आबानू. मामी एक दिस जरी हो म्हणाली, तर मी तेका आठ दिसात उभो करतलंय.” मामी हो म्हणाली नाही, आणि आषाढ उजाडला.

परीक्षेला आमच्या वाडीत रेंजचा भरवसा नाही, म्हणून कुडाळला अनुजाच्या मावसबहिणीकडे, विनीताकडे, तारेचं नेट होतं तिथे जायचं ठरलं. मीही गेलो. कुठे जायचं म्हटलं की मला चप्पल सापडायला वेळ लागत नाही. सावित्रीने लवूच्या कपाळाला अंगारा लावला आणि कोणी न सांगता म्हणाली, “पोपट शिकयता तसाच बोल.” पाऊस लागून राहिला होता. एसटीत मी त्याला हसवायला गुरुजींच्या खिडक्यांची गोष्ट पुन्हा सांगितली. तो मनापासून हसला. शेवटचं हसलेलं आठवतं ते तेच.

खोलीत त्याच्याशिवाय कोणी असता कामा नये, असा नियम. अनुजा आणि मी बाहेर पडवीत, खिडकीच्या खाली बसलो. पडदा ओढलेला, पण आवाज स्वच्छ येत होता. मला इंग्रजी कळत नाही, म्हणून अनुजा कुजबुजत सांगत होती.

पहिले प्रश्न सोपे होते. नाव काय, काम काय, किती वर्षं. लवूने खणखणीत उत्तर दिलं. अनुजाने माझा हात दाबला. मग आतून काही आवाज नाही. ती बाई लिहून घेत असेल, परीक्षा घेणारे काय दर उत्तराला टाळ्या वाजवतात? पण लवू थांबला होता. आम्हाला तो दिसत नव्हता तरी मला दिसलं, तो वर बघत होता.

“सॉरी,” तो आतून म्हणाला. तिने काही विचारलं नव्हतं.

पुढचा प्रश्न. जहाजावर आग दिसली तर पहिल्यांदा काय करशील? लवू म्हणाला, आधी घंटा वाजवीन, सगळ्यांना ओरडून सांगीन, मग वर कळवीन. अनुजा म्हणाली, “बरोबर.” आत पुन्हा शांतता.

“नो, नो,” लवूचा आवाज आला. “फर्स्ट आय रन.”

अनुजाने कपाळ भिंतीला टेकवलं.

त्यानंतर तसंच होत गेलं. तो बरोबर उत्तर द्यायचा, ती गप्प राहायची, हा घाबरून ते मोडायचा आणि चुकीचं द्यायचा. माणूस पाण्यात पडला तर त्याच्यावरची नजर काढणार नाही म्हणाला, आणि मग नाही, नजर काढीन म्हणाला. दोराचं नाव बरोबर सांगितलं, मग दुसरं सांगितलं, मग तिसरं. “खरा होता ता,” अनुजा पडवीतून पुटपुटत होती, “खरा होता रे, सोडू नको.” तिला ओरडायचं होतं. ओरडली असती तर परीक्षाच रद्द झाली असती.

शेवटी आतून इंग्रजी बंद झालं. मग लवू बोलला, मालवणीत. मोबाइलातल्या त्या परदेशी बाईला तो म्हणाला, “बाय, बरा काय वायट ता तरी सांग गो.”

ती काय समजणार? थँक यू म्हणाली आणि गेली.

परतीच्या एसटीत मी एक गोष्ट सुरू केली, माझ्या मामाच्या होडीची. दोघांपैकी कोणी “हूं” म्हटलं नाही. मी मध्येच थांबलो, आणि ती होडी कुठे गेली हे कोणी विचारलंही नाही.

कंपनीचा मेल आला तेव्हा ते जेवायला बसले होते. हे मला अनुजाने सांगितलं. मोबाइल तिने हातात घेतला, तर लवू हात पुढे करून म्हणाला, “हाड हय,” म्हणजे इकडे आण. त्याने तो सावकाश, ओठ हलवत वाचला. इंग्रजीतला आख्खा कागद त्याने कोणाला न विचारता वाचलेला तो पहिलाच.

“काय म्हणतत?” सावित्रीने विचारलं.

“नको म्हणतत.”

सावित्री ताटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “देवाच्या मनात नसात.” अनुजाने आपलं ताट उचललं आणि भात पुन्हा भांड्यात ओतला. लवू जेवला. आमटी आणखी मागून घेतली. ते ऐकून मला जास्त कसंसं झालं.

नारळी पुनवेनंतर होड्या पाण्यात पडल्या, तसा तो दुसऱ्यांच्या ट्रॉलरवर जाऊ लागला. सध्या वेंगुर्ल्याच्या बंदरावर बर्फ फोडतो, पेट्या भरतो. वाकून करायचं काम. मी गेलो की विचारतो, कसा आहेस? “बरो आसय,” म्हणतो आणि फावडं चालवतो. आता बोलल्यावर वर बघत नाही. कोणाकडेच बघत नाही.

पोपट मात्र अजून मोबाइलात आहे. रोज दिवेलागणीला टिंग वाजतं. लवू आला नाही म्हणून पोपट डोळ्यांतून पाणी काढतो, त्याचा मुकुट जाणार म्हणून बजावतो. सावित्रीचे कान आता तेवढ्याच आवाजाला टवकारलेले असतात.

“लवू, झिला, तुका बोलयता बघ,” ती म्हणते.

लवू जागचा हलत नाही. अनुजा बंद करायला गेली तर म्हातारी रडते. म्हणून वाजतं तसं वाजू देतात.

परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. घरात इतकी शांतता की मला बोलायला सुचेना, आणि मला सुचत नाही म्हणजे बघा. काहीतरी बोलायचं म्हणून मी अनुजाला म्हटलं, “तू शिकलंस मां ता? बोल बघू कायतरी, माका ऐकूचा आसा.” ती नको म्हणाली. मी हट्ट धरला. म्हातारी माणसं हट्ट धरतात. मग ती भाकरीचं पीठ हाताला तसंच ठेवून बोलली, पहाऱ्यावरून उतरताना दुसऱ्याला द्यायचा निरोप, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कुठेही न अडखळता. मला अर्थ कळला नाही, पण एकही शब्द तिने मागे घेतला नाही हे कळलं. तिला घेऊन जाणारं जहाज कुठलं असणार?

लवू ओट्यावर बसला होता. तिचं बोलणं संपायच्या आत तो उठला, न्हाणीकडची बादली उचलली आणि विहिरीकडे निघाला. बादली आधीच भरलेली होती. पाणी त्याच्या पायांवर सांडत गेलं.